"सर, बाण पळता": मुलांच्या लॅपटॉपसाठी टिकाऊ माऊस निवडतानाचं एक प्रकरण

सिंधुदुर्गातल्या एका वाडीवरच्या शाळेत हे घडलं. शाळेचं नाव, देणगीदार आणि दुकानदार यांचा उल्लेख गाळला आहे, बाकी जे झालं ते तसंच लिहिलं आहे. देणगीत आलेले लॅपटॉप हल्ली बऱ्याच शाळांमध्ये आहेत. पडद्यावरचा बाण नीट चालत नाही म्हणून त्यातले कितीतरी कपाटात बंद पडून असतात. अशा शाळांतल्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते पाचवी, पट 43. मी आणि बाई असे दोघे. वाडीतल्या मुंबईकर मंडळींनी एका गणपतीत ठरवलं की या वर्षी मंडपावर खर्च कमी करायचा आणि शाळेला लॅपटॉप द्यायचे. पुढच्या महिन्यात 16 लॅपटॉप आले. कचेऱ्यांमधून निघालेले, दुरुस्त केलेले, 11 इंची पडद्याचे. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत नारळ फुटला.

सगळे लॅपटॉप एका जातीचे नव्हते. पाच जरा जुने होते, त्यांच्या टचपॅडखाली (बोट फिरवून बाण हलवायची चौकोनी पट्टी) डावं-उजवं अशी दोन वेगळी बटणं होती. उरलेल्या 11 मध्ये बटणं नव्हती. आख्खा टचपॅडच दाबला की खाली जातो आणि क्लिक होतो, असा तो प्रकार. तेव्हा या फरकाकडे आम्ही लक्षच दिलं नाही. उलट बटणं नसलेले दिसायला नवे, म्हणून ते पहिली-दुसरीच्या लहान मुलांना आधी दिले.

लॅपटॉपवर उबंटू ही संगणक प्रणाली, जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं आणि टक्स पेंट हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घातलं. दिवसाला चार तुकड्या, प्रत्येकी पाऊण तास. मुलं सतरंजीवर बसतात, पुढे बुटकी बैठी मेजं. एका तुकडीत दहा-बारा मुलं असली तर प्रत्येकाला एकेक लॅपटॉप मिळतो, आणि या वयात ते फार महत्त्वाचं आहे. दोघांत एक दिला की धिटाई असलेलं मूल चालवतं आणि दुसरं बघत बसतं.

अडचण

दिवाळीची सुट्टी संपली आणि तक्रारी सुरू झाल्या. "सर, बाण पळता." "सर, दाबला तरी उघडणा नाय." सुरुवातीला वाटलं, सवय नाही म्हणून होत असेल.

मग एक दिवस चौथीतल्या एका मुलीच्या मागे जाऊन उभा राहिलो. टक्स पेंटमध्ये ती घर काढत होती. भिंती झाल्या होत्या, छपराची तिरकी रेघ चालली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याने तिने टचपॅडचा खालचा कोपरा दाबून धरलेला, उजव्या हाताचं बोट हळूहळू वर सरकवत होती. रेघ छपराच्या टोकापाशी आली आणि बाण एकदम पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात गेला. घरावरून आडवी काळी रेघ उमटली. तिने ती पुसली, पुन्हा काढली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असं झाल्यावर तिने झाकण हळूच मिटलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. काही बोलली नाही.

ते बघून मी जरा घाईच केली.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

टचपॅड खराब झालेत असं मी गृहीत धरलं. जास्त त्रास देणाऱ्या चार लॅपटॉपसाठी नवे टचपॅड मागवले, बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतले. वर्गणीतले साडेपाच हजार रुपये गेले. दोन आठवड्यांत चारातल्या दोघांचा बाण पुन्हा पळायला लागला.

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक हीच. बाण पळतो हे लक्षण आहे. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलावा तसं मी केलं होतं. पैसे लोकांनी आपापल्या घरखर्चातून काढून दिलेले, त्यामुळे ते मनाला फार लागलं.

बाईंनी मार्ग सुचवला. त्या म्हणाल्या, "सर, मुलांनाच लिहू दे. कधी पळतो ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत." एका दोनशे पानी वहीत रकाने आखले: लॅपटॉपचा क्रमांक, वेळ, चार्जिंगला लावलेला होता का, काय झालं. चौथी-पाचवीची मुलं स्वतः लिहायची, लहानांचं त्यांनी विचारून लिहायचं. तीन आठवडे ही तक्रारवही चालली.

तक्रारवहीत काय निघालं

पहिली गोष्ट वेळेच्या रकान्यात दिसली. सकाळच्या तुकडीच्या नोंदी कमी, दुपारच्या खिचडीनंतर येणाऱ्या तुकडीच्या भरपूर. जेवण झालं की हात धुवायचे, हा आमचाच नियम. मुलं नळावर हात धुवायची, दोनदा झटकायची आणि धावत वर्गात यायची. टचपॅड बोटाचा दाब मोजत नाही. बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारकता बदलते, तो बदल तो मोजतो. पाणीही तसाच बदल घडवतं. ओल्या बोटामागे पाण्याचा माग राहिला की टचपॅडला एकाच वेळी दोन-तीन बोटं असल्यासारखं वाटतं आणि बाण त्यांच्यात उड्या मारतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये तर हवेलाच इतकी ओल असते की तळहात दिवसभर चिकट राहतात.

दुसरी गोष्ट चार्जिंगच्या रकान्यात होती. काही लॅपटॉप चार्जिंगला लावले की पळायचे आणि पिन काढली की शहाण्यासारखे चालायचे. त्याच ओळींमध्ये पाचवीतल्या एका मुलाने शेजारी लिहिलं होतं: "हाताला मुंग्या येतात." हे वाचून अंगावर काटा आला. वायरमनला बोलावलं. त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला तर तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतंच होतं, मागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेले बारीक चढउतार, गाळण्यासाठी कपॅसिटर नावाचे बारीक भाग असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो लॅपटॉपच्या धातूच्या भागावर आणि स्क्रूवर येऊन बसतो. त्यातून हाताला मुंग्या येतात आणि टचपॅडच्या मोजणीत गोंगाट मिसळतो. प्रवाह बारीक असतो हे खरं, पण ज्या बोर्डाला अर्थिंग नाही तिथे उद्या एखादं उपकरण खरंच बिघडलं तर काय होईल, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची होती. सात नंबरच्या लॅपटॉपपुढे सगळ्यांनी लिहिलं होतं, "कडक आहे, दाबत नाही." मुलं अंगठ्याने जोर लावून दाबायची. मी टचपॅडवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर ती दोन्ही बाजूंनी डुगडुगली. टचपॅड मधून वर आला होता. खाली बॅटरी फुगली होती. लिथियमच्या फुगलेल्या बॅटरीवर जोर देणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि आमची मुलं दिवसातून शंभर वेळा तिथेच अंगठा दाबत होती. तो लॅपटॉप लगेच बंद केला, दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढली आणि ती अंगणात कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवली. बाकीचे सगळे लॅपटॉप त्याच पट्टीने तपासले तेव्हा आणखी दोन फुगलेल्या सापडल्या. तिन्ही बॅटऱ्या पुढे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोचवल्या. भंगारवाल्याला दिल्या नाहीत.

चौथी गोष्ट साधी होती. बिनबटणांच्या टचपॅडची बिजागरी वरच्या कडेला असते. खालच्या बाजूला दाबलं की तो सहज जातो, वरच्या बाजूला जवळजवळ हलत नाही. मोठ्या माणसाचा हात आपोआप खाली विसावतो. सहा वर्षांचं मूल मात्र बोट जिथे असेल तिथेच दाबतं, आणि ते बहुतेक वेळा वरती असतं. हलत नाही म्हटल्यावर ते मूठ वळून दाबतं. अकरांपैकी चार टचपॅड अशानेच ढिले झाले होते. वेगळी बटणं असलेल्या पाच जुन्या लॅपटॉपपैकी एकाचंही बटण गेलं नव्हतं.

आधी घडलेलं एक मोठं उदाहरण

या सगळ्याचा शोध घेताना एक्सओ लॅपटॉपची आठवण झाली. "एक मूल, एक लॅपटॉप" या जागतिक उपक्रमाचा हा हिरवा-पांढरा छोटा संगणक 2007 च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या प्रमाणावर बनायला लागला. भारतातला त्याचा पहिला प्रयोग त्याच वर्षी आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला, एका छोट्या एकशिक्षकी शाळेत झाला होता.

त्या यंत्रात मुलांचा विचार पावलोपावली केलेला होता. कळफलक सलग रबराचा, म्हणजे पाणी-धूळ आत जायला नको. फिरती हार्ड डिस्क नाही, म्हणजे पडलं तरी आत मोडायला काही नको. पडदा उन्हातही वाचता येणारा. पण दगा दिला तो टचपॅडने. पहिल्या एक्सओचा टचपॅड रुंद पट्ट्यासारखा होता. मधला भाग बोटासाठी, आणि त्याच पट्ट्यावर लेखणीसारख्या काडीने लिहिताही यावं अशी दुहेरी सोय. हा टचपॅड स्वतःला वरचेवर जुळवून घ्यायचा. नेमक्या त्या क्षणी पट्ट्यावर बोट किंवा ओल असली तर जुळणी चुकायची आणि बाण पळायला लागायचा. यावर उपाय होता तो कळफलकाच्या चार कोपऱ्यांतल्या चार कळा एकदम दाबायचा. मग टचपॅड नव्याने जुळणी करायचा. जगभरच्या मुलांनी दोन्ही हातांनी चार कोपरे दाबायला शिकून घेतलं. पुढे काडीने लिहिण्याची सोय काढून टाकण्यात आली आणि साधा बोटाचा टचपॅड आला. 2013 च्या एक्सओ-4 टच मॉडेलला तर कडेच्या अवरक्त किरणांवर चालणारा स्पर्शपडदा दिला गेला.

इतक्या विचाराने केलेल्या यंत्रात हे का झालं, यावर मी बरंच डोकं चालवलं. माझं मत असं झालं की मुलाचा हात दिवसभर जिथे असतो तो भाग यंत्रातला सर्वांत जास्त झिजणारा असतो. तो यंत्राच्या पोटात पक्का बसवला की कितीही चांगला असला तरी एक दिवस सगळ्या यंत्राला घेऊन बसतो. तो भाग बाहेर असावा, स्वस्त असावा, आणि शिक्षकाला स्वतःच्या हाताने पाच मिनिटांत बदलता यावा. आमच्या पुढच्या सगळ्या निवडी या कसोटीवर झाल्या.

पर्यायांचा विचार

बिनतारी माऊस पहिल्याच चर्चेत बाद झाला. सेलचा कायमचा खर्च, आणि लॅपटॉपला लावायचा त्याचा नखाएवढा रिसीव्हर 43 मुलांच्या शाळेत आठवडाभरही टिकणार नाही.

कळफलकाच्या मध्ये छोटा लाल ठोंब असतो, तसे लॅपटॉप काही कंपन्या करतात. आयबीएमने 1992 मध्ये तो आणला. झिजण्याच्या दृष्टीने तो फार चिवट आहे: हलत नाही, फक्त त्यावरचा दाब मोजला जातो. पण किती जोर लावला की किती वेगाने जाईल हे लहान मुलांना उमजत नाही. त्यातून रबरी टोपी कुरतडायला फार छान लागते.

स्पर्शपडदा मुलांना सर्वांत सोपा, यात वाद नाही. पण त्यासाठी लॅपटॉपच नवे घ्यावे लागले असते. काच फुटली की दुरुस्तीचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. ओल्या हातांचा प्रश्नही तिथे तसाच राहतो.

ट्रॅकबॉलवर आम्ही जास्त वेळ घालवला. उपकरण जागेवर राहतं, हाताने फक्त चेंडू फिरवायचा. जागा कमी लागते, वायर ओढली जात नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये तो असायचा. पण चेंडूखाली तीन बारीक टेकू असतात, त्यांवर हाताचा मळ आणि खडूची पूड साचते आणि चेंडू अडखळतो. आठवड्याला पुसायला हवा. किंमतही साध्या माऊसच्या कितीतरी पट, आणि तालुक्याच्या बाजारात एकाही दुकानात मिळाला नाही. म्हणून तो आम्ही सरसकट नाकारला. या नकाराकडे नंतर परत यावं लागलं.

राहिला तारेचा साधा माऊस. आधीच्या काळातल्या माऊसमध्ये रबरी गोळी असायची, ती मळायची. 1999 पासून प्रकाशावर चालणारे माऊस सर्रास आले आणि हलणारे भाग उरले ते फक्त बटणं आणि चाक. आतला छोटा कॅमेरा पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेतो आणि त्यावरून किती सरकला ते ठरवतो. ओला हात, अर्थिंग नसणं, घाम यांचा त्यावर परिणाम होत नाही. अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतो.

तरी लगेच सोळा आणायचे नाहीत, असं या वेळी ठरवलं. दुकानदाराकडून तीन वेगवेगळे नमुने आणले, प्रत्येक आठवडाभर मुलांना दिला.

नमुन्यांनी काय शिकवलं

पहिला नमुना पूर्ण आकाराचा, हाताच्या वळणाप्रमाणे घडवलेला. दुसरीतल्या मुलाने तळवा त्यावर ठेवला की त्याचं बोट बटणाच्या निम्म्यापर्यंतच पोचायचं. मग तो हात पुढे सरकवायचा आणि बोटांनी क्लिक करताना सगळा माऊसच हलायचा. शिवाय हे वळण उजव्या हाताचं. आमच्या शाळेत तीन मुलं डावखुरी आहेत.

दुसरा फार छोटा, प्रवासात न्यायचा. त्याच्या पाठीवर वेग बदलायचं एक बटण होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी ते शोधून काढलं. मग कुणाचा बाण गोगलगाय, कुणाचा विजेसारखा.

तिसरा मध्यम आकाराचा, दोन्ही बाजूंनी सारखा, दोन बटणं आणि एक चाक, बाकी काही नाही. पोटाखाली स्क्रू होता, म्हणजे उघडता येणारा. तार जिथून आत जाते तिथे मऊ रबराची लांब नळी होती. माऊसचं बटण सहसा आधी जात नाही, कारण आतल्या स्विचचं आयुष्य उत्पादक लाखो दाबांत मोजतात. आधी तुटते ती तार, आणि तीही नेमकी याच मानेपाशी. दुकानात दहा माऊस समोर असले तर मी आता आधी मान वाकवून बघतो.

हाच निवडला. सोळा आणि वर दोन राखीव.

काय केलं

सुरुवात अर्थिंगपासून. अंगणात खड्डा खणून पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, बोर्डापर्यंत तार आणली. आमच्याकडचा जांभा उन्हाळ्यात कोरडाठक्क होतो, म्हणून मार्च ते मे दर शनिवारी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं काम पाचवीच्या मुलांनी घेतलं. वायरमनने मीटर लावून दाखवलं: फेज आणि अर्थ यांत 230 च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत जवळपास शून्य. मुंग्या थांबल्या.

दुसरा निर्णय यूएसबीच्या खाचेबद्दल. माऊस रोज लावायचा-काढायचा म्हटलं तर झीज माऊसवरून लॅपटॉपवर येते. यूएसबीची नेहमीची चौकोनी खाच मानकाप्रमाणे निदान 1500 वेळा लावणं-काढणं सोसणारी असावी लागते. आमच्या चार तुकड्या आणि शिक्षणहक्क कायद्यातले पहिली ते पाचवीचे 200 दिवस धरले तर वर्षाला 800 वेळा. म्हणजे दोन वर्षांत खाच ढिली, आणि ती थेट मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवर, बसवलेली. म्हणून प्रत्येक लॅपटॉपला एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर कायमची लावली आणि ती झाकणाच्या बिजागरीजवळ नायलॉनच्या पट्टीने बांधून टाकली. माऊस लावायचा तो या वायरीच्या टोकाला. माऊस ओढला तरी ओढ पट्टीवर येते, आणि झिजेल तर साठ-सत्तर रुपयांची वायर झिजेल. वायर मीटरभर असल्याने डावखुऱ्या मुलांना ती लॅपटॉपच्या मागून फिरवून माऊस डावीकडे घेता येतो.

सतरंजीवर माऊस अडखळतो, म्हणून जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून मुलांनी त्यांना खाकी कागद चढवला. डाव्या बटणावर बाईंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. पहिलीच्या मुलांसाठी "लाल दाब" एवढं पुरतं. बाणाचा आकार मोठा केला, वेग कमी केला, टचपॅड सेटिंगमधून बंद केला. जीकॉम्प्रीतले बटण दाबून ओढायचे खेळ सुरुवातीला बाजूला ठेवले. दाबून धरणं आणि सरकवणं एकाच वेळी करणं लहान बोटांना जड जातं.

काय झालं

पूर्ण शैक्षणिक वर्ष गेलं. लॅपटॉपची एकही यूएसबी खाच खराब झाली नाही. एक्स्टेन्शन वायरी तीन बदलल्या. माऊस सहा बंद पडले. त्यातल्या चारांची तार मानेपाशी तुटली होती, तेवढा तुकडा कापून दुरुस्तीवाल्याने पुन्हा डाग मारून दिला. एकाचं चाक गेलं. एक खिचडीच्या पातेल्याजवळच्या पाण्यात पडला, तो टाकूनच द्यावा लागला. वर्षभरातला दुरुस्तीचा आणि बदलीचा खर्च मी आधी चार टचपॅडवर घातलेल्या पैशांच्या निम्म्याहूनही कमी आला.

चौथीतली ती मुलगी आता पाचवीत आहे. घराला तिने छप्पर केलं, मग पुढे विहीर, माड, आणि माडावर चढलेला तिचा आजोबा.

आज करायचं झालं तर

बोर्ड आणि बॅटऱ्या मी पहिल्या दिवशीच तपासून घेईन. लॅपटॉप दान घेताना आपण प्रोसेसर, मेमरी विचारतो. टचपॅडवर स्टीलची पट्टी ठेवायला अर्धा मिनिट लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे लॅपटॉप पूर्ण चार्ज करून पत्र्याच्या कपाटात बंद केले होते. जुनी बॅटरी, पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की ती फुगण्याची भीती वाढते. आता निम्म्यावर चार्ज ठेवून, हवेशीर फडताळात ठेवतो.

टचपॅड साफ बंद करून टाकला, हेही पूर्ण बरोबर नव्हतं. आमची पाचवी पास झालेली मुलं मोठ्या गावच्या शाळेत गेली, तिथल्या संगणक खोलीत लॅपटॉप होते आणि माऊस नव्हते. ती पहिल्या दिवशी गोंधळली. आता चौथीपासून आठवड्याला एक तास टचपॅड चालू करतो, हात पुसायला दारात पंचा टांगलेला असतो.

आणि ट्रॅकबॉल. तिसरीतल्या एका मुलाचा उजवा हात जन्मापासून थरथरतो. माऊस नीट चालायला लागल्यावर सगळा वर्ग पुढे गेला आणि तो मागे राहिला, कारण त्याच्या हाताबरोबर माऊसही थरथरायचा. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. गटसाधन केंद्रातून समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका भेटीला आल्या, त्यांनी दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसून पाहिलं आणि विचारलं, "याच्यासाठी वेगळं काही आणून बघितलंत का?" आम्ही सोळांचा हिशोब करून ट्रॅकबॉल नाकारला होता. एकासाठी तो हवा आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

एक ट्रॅकबॉल मुंबईकर मंडळींपैकी एकाने पाठवला. उपकरण जागेवर स्थिर राहतं, तळवा टेकवता येतो, चेंडू बोटांनी फिरवून सोडला की बाण थांबतो आणि मग दुसऱ्या हाताने बटण दाबता येतं. पहिले काही दिवस तो नुसता चेंडू फिरवत बसायचा. साफसफाईचं आम्हाला वाटलेलं ओझं त्याने स्वतःवर घेतलं. तक्रारवही अजून चालू आहे. तिच्यात दर शनिवारी त्याच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत एक ओळ असते: "बॉल काढून पुसलय. चालता."